कोट्याचा जिना पांढरा पडला, शोरूमची फरशी धुरकट झाली : दुकान-दवाखान्यांच्या फरश्या कशा सांभाळता?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जळगावात आमचं तीन मजली व्यापारी संकुल आहे. वडिलांनी १९९४ साली बांधलं. ते आता थकले, म्हणून गेल्या वर्षापासून देखभाल माझ्याकडे आली. एकाच इमारतीत पाच तऱ्हेच्या फरश्या आहेत. जिना आणि पॅसेज कोटा फरशीचे. तळमजल्यावर कापडाचं शोरूम, तिथं भाडेकरूनं सहा वर्षांपूर्वी पांढरी चकचकीत व्हिट्रिफाइड टाकून घेतली. पहिल्या मजल्यावर दवाखाना, त्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये व्हिनाइल. दुसऱ्या मजल्यावर क्लासेस, तिथं मूळची मोझेक. तळघरात गोदाम, तिथं नुसता कोबा.

दोन अडचणी आहेत. गणपतीआधी जिना स्वच्छ दिसावा म्हणून वॉचमननं त्यावर संडासाचं ॲसिड मारलं. मळ निघाला, पण जिना पांढुरका पडला, हात फिरवला तर खरखरीत लागतो आणि दमट हवेत चिकट-ओलसर वाटतो. दुसरी अडचण शोरूमची. दिवसातून तीनदा पुसूनही फरशी धुरकटच. भाडेकरू म्हणतो फरशी झिजली, बदलून द्या. सहा वर्षांत व्हिट्रिफाइड झिजते का हो?

फरशी पुसणाऱ्या मावशी आमच्याकडे वडिलांच्या काळापासून आहेत. भाडेकरू सगळं खापर त्यांच्यावर फोडतो, ते मला फार खटकतं. त्या कामात कुचराई करणाऱ्या नाहीत. जाणकारांनी नीट सांगावं.

घोटाई_भुसावळ

भाऊ, माझं फरशी बसवण्याचं आणि घोटाईचं काम आहे, बावीस वर्षं झाली. आधी जिन्याचं सांगतो.

कोटा म्हणजे चुनखडीचा दगड. राजस्थानात कोट्याच्या बाजूला रामगंजमंडीच्या खाणी आहेत, तिथून येतो. शहाबादी, कडप्पा, संगमरवर ही सगळी त्याच गोत्यातली, मूळ कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड पडलं की फस्सकन जो फेस येतो, तो मळाचा नसतो, दगड विरघळत असतो. मळ निघाला असं आपल्याला वाटतं, पण मळाला धरून असलेला दगडाचा थरच गेलेला असतो. त्यात ॲसिड आणि चुनखडीपासून कॅल्शियम क्लोराइड तयार होतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून तुम्हाला ओलसर लागतंय. म्हणजे ॲसिड मारल्यावर जिना पुरेसा धुतला गेलेला नाही, सांध्यांमध्ये ते अजून बसलंय.

जिना उखडायची काही गरज नाही. पहिल्यांदा दोन-तीन दिवस नुसत्या साध्या पाण्यानं भरपूर धुवून घ्या आणि दर वेळी वायपरनं पाणी ओढून टाका. पूर्ण वाळू द्या. मग घोटाई, म्हणजे मशीननं फरशी घासून गुळगुळीत करणं. पायऱ्यांना हातमशीन लागतं, पॅसेजला मोठं मशीन चालतं. ६० किंवा ८० नंबरच्या जाड्या घासदगडानं सुरुवात, मग १२०, मग २२०, मग ४०० आणि पुढे. मधला नंबर गाळू देऊ नका. घाईत १२० वरून एकदम शेवटच्या पॉलिशवर उडी मारतात, त्यावेळी छान दिसतं. संध्याकाळी ट्यूबलाइटचा तिरपा उजेड पडला की गोल गोल ओरखडे उठून दिसतात, आणि तोपर्यंत कारागीर पैसे घेऊन गेलेला असतो. काम संध्याकाळी दिवा लावून, फरशीच्या पातळीला डोळा आणून बघा आणि मगच हिशेब करा.

घोटाईचा जो राखाडी गाळ निघतो तो बादलीत भरून बाहेर टाका. मोरीत सोडला तर पाइपमध्ये थिजतो.

एक महत्त्वाचं. पॅसेज चमकवा, पण पायऱ्या २२० नंबरवर थांबवा आणि कडेला दोन-तीन खाचा मारून घ्या. दवाखान्यात म्हातारी माणसं येतात, पावसाळ्यात ओली चप्पल, काठी. चकचकीत पायरीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं तर त्या चमकेला काय करायचं?

क्लासवाले_सर

मोझेकलाही ॲसिड चालत नाही का? आमच्या शाळेत दर दिवाळीला मारतात.

घोटाई_भुसावळ

अजिबात नाही सर. मोझेकमध्ये संगमरवराची खडी आणि सिमेंट असतं, दोघांनाही ॲसिड खातं. आधी सिमेंट खाल्लं जातं, खडी वर उठते, मग त्या खाचांमध्ये मळ बसतो आणि फरशी आणखी काळी दिसते, की पुढच्या वर्षी आणखी ॲसिड. असं करत करत चांगल्या फरश्या घालवल्यात लोकांनी. मोझेक म्हणजे गुणी फरशी आहे. खडी वरच्या थरात खोलवर असते, त्यामुळे परत परत घोटता येते, तीस वर्षांची फरशी एका घोटाईत उजळते. ती काढून वर टाइल चिकटवणाऱ्यांना मी दरवेळी थांबवतो. माझं काम त्यात कमी होतं, तरी थांबवतो.

हेमा_धुळे

गिरणाकाठ दादा, मी धुळ्यात दवाखान्यांच्या साफसफाईची सुपरवायझर आहे, हाताखाली चौदा बायका आहेत. शोरूमच्या फरशीबद्दल सांगण्याआधी तीन गोष्टी विचारते. बादलीत पाणी कुठलं असतं? पाण्यात काय घालतात? आणि पूर्ण शोरूम किती बादल्यांत पुसून होतं?

गिरणाकाठ

ताई, मावशींनाच विचारून लिहितोय. पाणी बोअरचं. उन्हाळ्यापासून शोरूममधल्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी वापरतात, कारण नळ रोज येत नाही आणि ते पाणी फेकायचं जिवावर येतं. पाण्यात मूठभर कपड्यांची पावडर आणि वरून पांढरं फिनाइल. शोरूम बाराशे चौरस फूट, एका बादलीत होतं.

हेमा_धुळे

मग फरशी झिजलेली नाही दादा. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललंय.

आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण, बोअरचं पाणी मुळातच जड. बादलीच्या आतल्या बाजूला जो पांढरा थर चढतो तोच फरशीवरही चढतो, फक्त दिसायला वेळ लागतो. आरओचं पाणी तर त्याहून वाईट. मशीन पाण्यातले क्षार बाजूला काढतं आणि नेमकं तेच क्षारांचं पाणी आपण फरशीवर वाळवतो. पाणी वाचवायची तुमच्या मावशींची कळकळ खरी आहे, फक्त ते पाणी संडासात ओतायला किंवा पार्किंग धुवायला वापरा. चकचकीत फरशीला नको.

दुसरं, कपड्यांची पावडर. कपडे आपण तीन पाण्यांतून काढतो, फरशी कोण काढतं? पावडर वाळून तिथंच राहते, चिकट थर होतो आणि त्यावर धूळ बसते. जितकं पुसाल तितका थर वाढतो. पांढऱ्या फिनाइलचं तेल त्यात आणखी भर घालतं. फिनाइलचा वास आला की आपल्याला वाटतं स्वच्छ झालं, तो वास म्हणजे स्वच्छता नव्हे.

आता दोन खुणा सांगते, त्या स्वतः करून बघा. कोपऱ्यातली एक फरशी घ्या. नुसतं गरम पाणी ओता, काहीही घालू नका, आणि नरम ब्रशनं घासा. फेस आला तर जुनी पावडर अजून तिथंच आहे. ती फरशी धुवून पुसून घ्या. मग किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व चमचाभर पेलाभर कोमट पाण्यात विरघळवा, फडक्यानं त्याच फरशीवर लावा, तीन-चार मिनिटांनी चांगल्या पाण्यानं पुसा. शेजारच्या फरशीपेक्षा उजळ दिसली तर क्षाराचा थर होता असं समजा. हे फक्त व्हिट्रिफाइडवर हं! कोट्याच्या उंबऱ्यावर एक थेंब सुद्धा पडू देऊ नका, लिंबूसत्व हेही ॲसिडच. आणि लावण्याआधी सांधे साध्या पाण्यानं ओले करून ठेवा, म्हणजे सिमेंटचं ग्राऊट ते पिणार नाही.

गिरणाकाठ

आत्ताच करून आलो. ताई, फेस आला! आम्ही पाण्यात काहीच घातलं नव्हतं, तरी साबण लावल्यासारखा फेस. मावशी दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, म्हणजे मी पुसत नव्हते, लावत होते." मला कसंतरीच झालं. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणीच सांगितलं नाही.

लिंबूसत्वानंतर ती एक फरशी बाकीच्यांत वेगळीच पांढरी दिसतेय. भाडेकरूलाही बोलावून दाखवली.

हेमा_धुळे

मावशींना माझा नमस्कार सांगा. मीही सुरुवातीला तशीच पुसायचे.

आता पूर्ण शोरूमचं असं करा. एका रविवारी बंद ठेवा. गरम पाण्यानं घासून साबणाचा थर काढा. मशीन भाड्यानं मिळालं तर लाल किंवा हिरवं पॅड लावा, काळं नको, ते चमक खातं. मग लिंबूसत्वाचा हात, मग दोनदा चांगलं पाणी, मग वायपर आणि कोरडं फडकं. आपोआप वाळू देऊ नका, पाणी वाळतं तिथंच क्षार राहतात.

रोजचं काम साधं आहे. आधी कोरडी मायक्रोफायबरची सपाट मॉप फिरवून धूळ उचला. मग दोन बादल्या, एकीत न्यूट्रल क्लिनर (ज्यात ॲसिडही नाही, सोडाही नाही असं), बाटलीवर लिहिलंय तेवढंच, दुसरीत मॉप खळबळायला साधं पाणी. खळबळायचं पाणी गढूळ झालं की बदलायचं. बाराशे फुटांना माझ्या बायका चार वेळा पाणी बदलतात. पाणी कमी असेल तर दिवसातून तीनदा गढूळ पाण्यानं पुसण्यापेक्षा एकदाच चांगल्या पाण्यानं पुसा आणि बाकी दोन वेळा कोरडी मॉप फिरवा. पाणी उलट कमीच लागेल.

पाचकंदील

यात पायपुसण्याचं कोणी बोललं नाही. दुकानातली बहुतेक घाण गिऱ्हाइकाच्या चपलेबरोबर येते. पावसाळ्यात काळी माती, उन्हाळ्यात धूळ आणि बारीक रेती. रेती म्हणजे पॉलिश पेपरच, दारापासून काउंटरपर्यंतची वाट तिनंच मंद पडते. एक फूट रुंदीचं पायपुसणं उपयोगाचं नाही. दाराबाहेर काथ्याचं जाड, आत पाणी शोषणारं, दोन्ही मिळून माणसाची पाच-सहा पावलं पडतील एवढं हवं. आणि ते रोज झटकायचं, नाहीतर तेच घाण देतं.

आणखी एक. आमच्या दुकानात दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी धाडकन आवाज झाला आणि मधल्या ओळीच्या व्हिट्रिफाइड टाइल तंबूसारख्या उभ्या राहिल्या. फरश्या सांधा न सोडता चिकटवल्या होत्या, भिंतीलाही टेकवलेल्या. आपल्याकडच्या ४५ अंशांत फरशी पसरते, जागा मिळाली नाही की उचकटते. गिरणाकाठ भाऊ, काठीनं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का.

घोटाई_भुसावळ

बरोबर. सिमेंटच्या मसाल्याचे नुसते पाच गोळे टाकून टाइल बसवली की खाली पोकळी राहतेच. टाइलच्या मागे पूर्ण मसाला, टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटर सांधा, भिंतीशी फट सोडून वर स्कर्टिंग आणि मोठ्या हॉलमध्ये आठ-दहा मीटरवर लवचीक सांधा. हे बसवतानाच करावं लागतं, नंतर देखभालीनं भागत नाही.

गिरणाकाठ

ठोकून पाहिलं, दोनच ठिकाणी पोकळ आहे. खूण करून ठेवलीय. व्हिनाइलचं पण सांगा ना ताई. डॉक्टर म्हणतात डाग जात नाहीत.

हेमा_धुळे

व्हिनाइल हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, थिएटरमध्ये मी नऊ वर्षं काढली.

व्हिनाइलचा जीव त्याच्या वेल्ड केलेल्या, म्हणजे गरम करून जोडलेल्या सांध्यांत असतो. पाणी ओतून वायपरनं ओढायची आपली सवय तिथं घातक. सांधा कुठं उघडला असेल तर पाणी खाली शिरतं, गोंद सुटतो, फुगे येतात आणि खाली जंतूंचं घर होतं. पिळलेली मॉपच वापरायची. दर आठवड्याला सांध्यांवरून आणि भिंतीवर चढवलेल्या गोलाईवरून नख फिरवून बघा, नख अडकलं की लगेच व्हिनाइलचे सांधे जोडणाऱ्याला बोलवा.

डाग कसले आहेत बघा. तपकिरी-पिवळे थेंब असतील तर ते आयोडिनचे. ते घासून जात नाहीत. सोडियम थायोसल्फेटचं पाणी लावा, पूर्वी फोटो स्टुडिओत ज्याला हायपो म्हणायचे तेच. डोळ्यांदेखत रंग उडतो. मात्र ताज्या डागावर, आठवड्यानं नाही. टेबलाच्या किंवा ट्रॉलीच्या काळ्या रबरी पायांखाली पिवळट डाग असतील तर ते रबरातून आत उतरलेले असतात, निघणार नाहीत. पायांना रबर सोडून दुसऱ्या जातीच्या टोप्या घाला, रबरी पायपुसणंही तिथं नको.

रक्त सांडलं तर आधी टिपून घ्यायचं, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी, ठरलेला वेळ ठेवायचं आणि नंतर साध्या पाण्यानं पुसून काढायचं.

आणि इथं एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी मी एका दवाखान्यात होते. एका नव्या मुलीनं संडासात ॲसिड टाकलं आणि जास्त स्वच्छ व्हावं म्हणून त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली. बंद जागा, क्लोरीन वायू भरला. ती खोकत खोकत दारापर्यंत आली आणि तिथंच बसली. आम्ही तिला उचलून मोकळ्या हवेत नेलं, डॉक्टर जवळ होते म्हणून वाचली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या वॉचमनलाही आजच सांगा, ॲसिड आणि ब्लीच एका कपाटात सुद्धा ठेवायचे नाहीत.

रावेरी_केळी

भाऊ, मन्हा अनुभव सांगस. आमचं केळीचं पॅकहाऊस शे. फण्या तुरटीच्या पाण्यात धुतो, त्यामुळे जमीन कायम ओली आणि त्यात केळीचा चीक. चीक ताजा असताना पाण्यानं जातो, वाळून काळा पडला की जात नाही. म्हणून आम्ही दर दोन तासांनी पाणी मारून खराट्यानं ढकलतो, रात्रीपर्यंत थांबत नाही. आधी हौसेनं चकचकीत टाइल लावली होती, दोन मजूर घसरले. एकाचं मनगट मोडलं. मग सगळी काढून खरखरीत टाकली. धुवायला त्रास होतो, पण माणसं उभी राहतात.

नंदुरबारी_तिखट

आमच्याकडे मिरचीचं गोदाम आहे. मिरचीचा रंग तेलात विरघळणारा, पाण्यात नाही. पाणी मारलं की तो पसरतो आणि कोट्याच्या सांध्यात लाल रेघा बसतात. म्हणून आधी कोरडं काम. लाकडाचा भुसा थोडासा ओलसर करून फरशीवर टाकतो आणि झाडतो, ठसका उठत नाही आणि पूड भुशाला चिकटून येते. सगळी पूड निघाल्यावर मग साबणाचं गरम पाणी.

तर्रीवाला_चोपडा

शेवभाजीच्या हॉटेलचंही तेच. भटारखान्यात थंड पाण्याचा पोछा म्हणजे तर्री सगळीकडे सारवणं. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा, दहा मिनिटं राहू द्या, घासा, धुवा. भटारखान्याची मॉप गिऱ्हाइकांच्या हॉलमध्ये कधीच न्यायची नाही. आमच्या मुलांना हे समजवायला मला वर्ष लागलं.

पेढीवर

सराफ बाजारात आमची पेढी आहे. पुढच्या बाजूला कार्पेट, ते मशीननं रोज ओढून घेतो, ओलं करत नाही. मागे कारागिरांच्या खोलीत मात्र केर कधीच फेकत नाहीत, सोन्याची कीस असते. तो साठवून झारेकऱ्याला, म्हणजे केरातून सोनं वेगळं काढणाऱ्याला देतात. त्यामुळे त्या खोलीत सांधेच नकोत म्हणून आजोबांनी पूर्वीच मोठमोठ्या फरश्या बसवून सांधे पक्के भरून घेतले होते. एवढी काळजीनं झाडलेली फरशी मी दुसरीकडे पाहिली नाही.

एमआयडीसी_शिफ्ट

गिरणाकाठ, तळघराच्या कोब्याला धूळ सुटते का? झाडलं तरी दुसऱ्या दिवशी मालावर पांढरी पूड?

गिरणाकाठ

हो! अगदी तसंच. कापडाच्या गठ्ठ्यांवर बसते.

एमआयडीसी_शिफ्ट

मग ती बाहेरची धूळ नाही, कोबाच वरून भुरभुरतोय. खिळ्यानं ओरखडा काढा. बारीक रेघ उठली तर सिलिकेटचं हार्डनर चालेल, सोडियमचं किंवा लिथियमचं. ते कोब्यातल्या मोकळ्या चुन्याशी संयोग पावून आतच घट्ट होतं, वरून पापुद्रा धरत नाही. खिळ्यानं मातीसारखा खड्डा पडला तर वरचा थर काढून नव्यानं करावा लागेल.

कोणी इपॉक्सी, म्हणजे वरून रेझिनचा थर द्यायला सुचवेल. घाई करू नका. आमच्या कारखान्यात केलं, चांगलंच आहे. पण तळघराला जमिनीची ओल असते, खालून वाफ आली की इपॉक्सीला फोड येतात. आधी कोब्यावर मीटरभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाखाली दव किंवा कोबा काळसर दिसला तर इपॉक्सी नको. ऊन येणाऱ्या दारापाशीही ते पिवळं पडतं.

गिरणाकाठ

महिन्यानं लिहितोय, आधी सर्वांचे आभार.

कागदाखाली दव निघालं, म्हणून इपॉक्सी रद्द, सिलिकेट मारलं. पूड बरीच कमी झाली. पॅसेजची घोटाई झाली, काम संध्याकाळी दिवा लावून तपासलं, दोन ठिकाणी ओरखडे सापडले ते परत करून घेतले. पायऱ्या २२० वर थांबवल्या. शोरूम उजळलं, भाडेकरूनं फरशी बदलायचा विषय सोडला आणि मावशींना स्वतःहून चहा पाजला, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

ॲसिडचे डबे इमारतीतून काढले. मावशींच्या हाताच्या भेगा किती वर्षांच्या होत्या कोण जाणे, आता हातमोजे आणलेत. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हेमाताईंनी फोनवर सांगितल्याप्रमाणे बादल्यांना रंग दिले. लाल संडासाची, निळी पॅसेजची, हिरवी दवाखान्याच्या पॅन्ट्रीची, पिवळी शोरूमची.

एक शेवटचं विचारतो. दिवाळीत प्रत्येक दुकानापुढे कोट्यावर रांगोळी आणि पणत्या असतात. दरवर्षी रंगांचे आणि तेलाचे डाग राहतात.

घोटाई_भुसावळ

रांगोळी पाण्यानं धुवू नका, रंग दगडात उतरतो. सकाळी आधी कोरड्या ब्रशनं सगळी उचलायची, शेवटचा कण निघेपर्यंत, मगच ओलं फडकं. तेल सांडलं तर लगेच मुलतानी मातीचा जाड लगदा करून थापा, वर प्लॅस्टिक ठेवा, दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढा, वाळू द्या आणि खरवडून घ्या. माती तेल ओढून घेते. एकदा पुरलं नाही तर परत थापा.

गिरणाकाठ

मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पणतीखाली केळीचं पान दुमडून ठेवू, तेल दगडाला लागणारच नाही. रावेरी भाऊ, धनत्रयोदशीला तीस पानं मिळतील का?

रावेरी_केळी

तीस काय, शंभर पाठवस. पण देठाकडून चीक गळतो, तेवढा भाग कापून घ्यायला मावशींना सांगा.